सुगंधाची साक्ष : थेंबभर तेलातून प्रयोगशाळा काय वाचते

मे महिना सरत आला की उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्याच्या गावोगावी हवेला एक गार, झोंबरा वास येऊ लागतो. शेताच्या कडेला उभ्या केलेल्या लोखंडी टाक्यांत मेंथ्याचा, म्हणजेच जपानी पुदिन्याचा, कापलेला पाला दाबून भरलेला असतो. खाली जाळ पेटतो, पाल्यातून वाफ वर चढते, पाण्यात बुडवलेल्या नळीतून जाताना ती थंड होते आणि शेवटच्या भांड्यात पाण्यावर तेलाचा फिकट पिवळा थर तरंगू लागतो. शंभर किलो हिरव्या पाल्यामागे हाती येणारे तेल साधारणपणे एका किलोच्या आतच असते. तेवढ्या तेलावर कुटुंबाचा त्या हंगामाचा हिशेब बसवायचा असतो.

हे तेल बाजारात गेले की व्यापारी ते हुंगतो, तळहातावर चोळून पाहतो आणि भाव सांगतो. मोठ्या खरेदीत मात्र नाकाचा कौल अखेरचा मानला जात नाही. नमुन्याची छोटी कुपी प्रयोगशाळेत जाते आणि सुमारे तासाभरात पडद्यावर उंचसखल शिखरांचा एक आलेख उमटतो. तेलात मेंथॉल किती आहे, पीक कोवळे असताना कापले की पक्व झाल्यावर, ऊर्ध्वपातन नीट झाले काय, बाहेरून काही मिसळले आहे काय, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे त्या आलेखात दडलेली असतात. बाम, खोकल्याच्या गोळ्या, टूथपेस्ट यांत वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक मेंथॉलच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. त्यामुळे हा आलेख वाचण्याचे शास्त्र प्रयोगशाळेच्या भिंतींपुरते उरत नाही. त्याचा थेट संबंध शेतकऱ्याच्या पदरी पडणाऱ्या पैशांशी असतो.

वासामागची द्रव्ये

वास येण्यासाठी पदार्थाचे रेणू हवेत मिसळून नाकापर्यंत पोहोचावे लागतात. म्हणूनच सुगंधी द्रव्यांचे रेणू आकाराने लहान आणि सहज उडून जाणारे असतात. वनस्पतींमधील अशा द्रव्यांचा एक फार मोठा वर्ग टर्पिनांचा आहे. पाच कार्बन अणूंचा सांगाडा ही या वर्गाची जणू वीट होय. अशा दोन विटांपासून लिंबाच्या सालीतील लिमोनीन, पुदिन्यातील मेंथॉल किंवा गुलाबातील जिरॅनिऑल घडते, तर तीन विटांपासून चंदनातील सँटॅलॉल आणि वाळ्याच्या मुळांतील जड, रेंगाळणारी द्रव्ये तयार होतात. लवंगेतील युजेनॉल किंवा ओडिशातील गंजाम जिल्ह्याच्या केवड्यात प्रमुख असलेले फेनिलएथिल मिथाइल ईथर ही मात्र वेगळ्या कुळातील द्रव्ये आहेत.

वनस्पती ही द्रव्ये माणसासाठी बनवीत नाहीत. किडींना दूर ठेवणे, परागसिंचन करणाऱ्या कीटकांना बोलावणे, बुरशीचा प्रतिकार करणे अशी त्यांची कामे असतात. पुदिन्याच्या पानावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य ग्रंथी असतात आणि तेल त्यांतच साठते. पान चुरगळताच या ग्रंथी फुटतात व वास दरवळतो. एकाच तेलात अशी डझनावारी, कधी शेकडो द्रव्ये एकमेकांत मिसळलेली असतात. काही निम्म्याहून अधिक, तर काही हजारात एक भागाहूनही कमी. नाकाला या साऱ्यांचा एकच एकत्रित वास येतो. प्रयोगशाळेचे पहिले काम हे मिश्रण सोडवण्याचे असते.

अरुंद गल्लीतून जाणारी गर्दी

मिश्रण सोडवण्याच्या या पद्धतीचा उगमही वनस्पतींच्याच अभ्यासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून जाऊ दिला. तेव्हा हिरवी, पिवळी रंगद्रव्ये नळीत वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागली गेली. रंगांच्या या लेखनाला त्यांनी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, असे नाव दिले. पुढे १९५२ मध्ये ब्रिटनमधील ए. टी. जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी द्रवाऐवजी वायूच्या प्रवाहाने द्रव्ये वाहून नेण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी मार्टिन यांना वर्णलेखनातील आधीच्या कामासाठी रिचर्ड सिंज यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. गॅस क्रोमॅटोग्राफी या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत सुगंधी तेलांच्या विश्लेषणाचा आज कणा झाली आहे.

यंत्राच्या मध्यभागी एक भट्टी असते आणि तिच्यात केसासारख्या बारीक काचनळीचे वेटोळे असते. ही नळी बहुधा ३० किंवा ६० मीटर लांब असते, पण आतून तिचा व्यास जेमतेम पाव मिलिमीटर भरतो. आतल्या भिंतीवर एका चिकट द्रव्याचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. सौम्य केलेल्या तेलाचा एक सूक्ष्म थेंब सुईने यंत्रात सोडला जातो. उष्णतेने त्याची तत्काळ वाफ होते आणि हेलियम, हायड्रोजन किंवा नायट्रोजनचा संथ प्रवाह ती वाफ नळीतून पुढे नेतो. भट्टीचे तापमान मिनिटागणिक काही अंशांनी वाढवत नेले जाते.

जत्रेच्या अरुंद गल्लीत गर्दी एकदमच शिरते, पण दुसऱ्या टोकाला सगळे एकाच वेळी पोहोचत नाहीत. कोणी सरळ चालत जातो, कोणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो. नळीतील रेणूंचेही असेच होते. सहज उडणारे आणि लेपाशी फारसे सख्य नसलेले रेणू आधी बाहेर पडतात. जड किंवा लेपाला बिलगणारे मागे राहतात. पुदिन्याच्या तेलातून आधी पायनीन आणि लिमोनीन, मग मेंथोन, त्यामागून मेंथॉल आणि त्याहून उशिरा मेंथिल ॲसिटेट असे एकेक द्रव्य रांगेने येते. नळीच्या तोंडाशी हायड्रोजनची लहानशी ज्योत असते. द्रव्य तीत जळताच विद्युतभारित कण निर्माण होतात, क्षीण विद्युतप्रवाह वाहतो आणि पडद्यावर एक शिखर उभे राहते. शिखराखालचे क्षेत्रफळ मोजले की त्या द्रव्याच्या प्रमाणाचा अंदाज मिळतो.

ओळख पटवण्यासाठी दोन साक्षीदार

शिखर दिसले म्हणजे त्याचे नाव कळले असे नाही. त्यासाठी याच नळीच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर हे दुसरे यंत्र जोडतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक द्रव्यावर तेथे इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, रेणू फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांचे वजन मोजले जाते. कोणता रेणू कोणत्या तुकड्यांत फुटेल हे बरेचसे ठरलेले असल्याने तुकड्यांचा हा नमुना बोटांच्या ठशांसारखा वापरता येतो. संगणकातील हजारो नोंदींशी तो ताडून पाहिला जातो.

तरीही केवळ या ठशावर विसंबणे धोक्याचे असते. पायनीन, लिमोनीन, मायर्सीन आणि अशी आणखी अनेक टर्पिने समान अणूंची बनलेली आहेत. त्या सर्वांचे रेणुभार १३६ आहे आणि त्यांचे तुकडेही पुष्कळदा सारखेच पडतात. संगणक अशा वेळी पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे नाव सुचवू शकतो. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे नळीतून बाहेर पडण्याची वेळ. ही वेळ यंत्रागणिक बदलते. त्यावर १९५८ मध्ये एर्विन कोवाच यांनी उपाय शोधला. सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांना मैलाचे दगड मानायचे, दहा कार्बनांच्या साखळीला १०००, अकरा कार्बनांच्या साखळीला ११००, बारा कार्बनांच्या साखळीला १२०० असे क्रमांक द्यायचे आणि तेलातील द्रव्य कोणत्या दोन दगडांच्या मध्ये कुठे पडते ते सांगायचे. नेहमीच्या वापरातील नळीवर मेंथॉलचा क्रमांक ११७०च्या आसपास येतो. तुकड्यांचा ठसा आणि हा क्रमांक या दोहोंचा मेळ बसला तरच जाणकार विश्लेषक शिखरावर नाव लिहितो.

आरशातले जुळे

नाव पटले तरी शंका संपत नाही, कारण काही द्रव्यांना आरशातले जुळे भाऊ असतात. डावा आणि उजवा हात दिसायला सारखे, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. तशीच रचना असलेले अनेक रेणू निसर्गात आढळतात. कार्व्होन हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्याचे एक रूप स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याला त्याचा ताजा वास देते. दुसरे रूप शेपूच्या बियांत, म्हणजे घरोघरच्या बाळंतशेपेत, आढळते. अणू तेच, त्यांची जोडणी तीच, फरक केवळ डाव्या-उजव्याचा. तरी नाकाला दोन्ही वास वेगळे कळतात.

वनस्पतीतील विकरे बहुधा यांपैकी एकच रूप घडवतात. कारखान्यात साध्या रासायनिक पद्धतीने तेच द्रव्य बनवले तर दोन्ही रूपे समप्रमाणात येतात. भेसळ पकडण्यासाठी याचा चांगला उपयोग होतो. जम्मू विभागातील भदरवाहच्या डोंगरउतारांवर आता लॅव्हेंडरची लागवड होते. अस्सल लॅव्हेंडर तेलातील लिनालूल जवळजवळ संपूर्णपणे एकाच रूपातले असते. धण्यातील लिनालूल प्रामुख्याने त्याच्या जुळ्या रूपातले असते. लॅव्हेंडरच्या तेलात दोन्ही रूपे लक्षणीय प्रमाणात आढळली तर बाहेरचे लिनालूल मिसळल्याचा संशय बळावतो. साधी नळी या जुळ्यांना वेगळे करू शकत नाही. त्यासाठी पिष्टापासून मिळवलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिन या वलयाकार रेणूंचा लेप दिलेली खास नळी वापरतात. त्या वलयात एक रूप दुसऱ्यापेक्षा किंचित अधिक रुळते आणि दोन शिखरे अलग होतात.

मेंथॉलच्या बाबतीत पेच अधिक अवघड आहे. या रेणूची एकूण आठ रूपे संभवतात आणि पुदिन्यातील मेंथॉल त्यांपैकी एकाच रूपाचे असते. थंडाव्याची ती ओळखीची जाणीव प्रामुख्याने तेच रूप देते. परंतु १९८०च्या दशकात जपानमध्ये नेमके तेच रूप औद्योगिक प्रमाणावर बनवण्याची पद्धत प्रत्यक्षात आली. तिच्यामागचे संशोधन करणाऱ्या र्‍योजी नोयोरी यांना २००१ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. शेतातील मेंथॉल आणि असे मेंथॉल आरशाच्या कसोटीवरही सारखेच ठरतात. मग शेतातले कोणते हे सांगायचे कसे?

अणूंची वंशावळ

उत्तर अणूंच्या वजनात सापडते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ अत्यल्प प्रमाणात असतो आणि वनस्पती तो शोषून घेतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे आहे. कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहिलेल्या खनिज तेलात तो उरलेलाच नसतो. त्यामुळे खनिज तेलापासून बनवलेले द्रव्य आणि यंदाच्या पिकातून काढलेले द्रव्य यांतील फरक कार्बन-१४ मोजून स्पष्ट करता येतो. कृत्रिम मेंथॉल पाइनच्या टर्पेंटाइनपासून बनवले असेल तर मात्र ही कसोटी अपुरी पडते, कारण त्यातील कार्बनही अलीकडच्या झाडातलाच असतो. तेथे हायड्रोजनचा जड भाऊ ड्युटेरियम याच्या प्रमाणाकडे वळावे लागते. झाडाची जात, त्याने घेतलेले पाणी आणि कारखान्यातील प्रक्रिया यांनुसार हे प्रमाण बदलते.

या लपंडावाला अंत नाही, हे व्हॅनिलाच्या इतिहासातून दिसते. व्हॅनिलाचे ऑर्किड हवेतील कार्बन ज्या पद्धतीने बांधते, ती लाकडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन पुरवणाऱ्या झाडांपेक्षा वेगळी आहे. त्यामुळे दोन्ही व्हॅनिलिनांमधील कार्बन-१३चे प्रमाण भिन्न असते. ही कसोटी रूढ होताच कृत्रिम व्हॅनिलिनमध्ये मुद्दाम कार्बन-१३ भरून ते नैसर्गिक भासवण्याचे प्रकार झाले. तेव्हा रेणूच्या प्रत्येक भागातील कार्बन वेगवेगळा तपासण्याची वेळ शास्त्रज्ञांवर आली.

यंत्राच्या नजरेतून सुटणारे

इतकी साधने असूनही यंत्राची नजर सर्वव्यापी नाही. आलेखावरील टक्केवारी नळीतून बाहेर आलेल्या द्रव्यांची असते, कुपीतील सर्व पदार्थांची नव्हे. महागड्या सुगंधी तेलात कोणी खाद्यतेल मिसळले, तर ते न उडणारे तेल नळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतच नाही. आलेख निर्दोष दिसतो. ही भेसळ टिपकागदाचा तुकडा उघडी पाडतो. मेंथ्यासारखे हलके तेल कागदावरून काही काळात उडून जाते, खाद्यतेलाचा डाग मात्र राहतो. घनता, वक्रीभवनांक, प्रकाशाचे प्रतल वळवण्याची क्षमता, अल्कोहोलमधील विद्राव्यता या जुन्या चाचण्या म्हणूनच आजच्या मानकांतही टिकून आहेत.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. सर्वांत उंच शिखर म्हणजे सर्वांत प्रभावी वास असे नसते. बल्गेरियन गुलाबतेलाच्या बहुचर्चित विश्लेषणात सिट्रोनेलॉलचे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर डॅमॅसेनोन या द्रव्याचे अवघे ०.१४ टक्के आढळले. परंतु सिट्रोनेलॉलचा वास कळण्यासाठी पाण्याच्या साधारण अडीच कोटी भागांत त्याचा एक भाग असावा लागतो. डॅमॅसेनोन मात्र सुमारे शंभर अब्ज भागांत एक भाग असले तरी नाकाला पुरते. हिशेब मांडला तर प्रमाणाने शेकडो पटींनी कमी असलेले हे द्रव्य वासाच्या बळात सिट्रोनेलॉलला सुमारे पंधरा पटींनी मागे टाकते. आलेखावर ते जेमतेम एक उंचवटा असते आणि १९७०पर्यंत त्याची ओळखही पटलेली नव्हती.

तांदळाच्या सुगंधाचीही हीच कथा आहे. बासमतीचा आणि मुळशीच्या आंबेमोहोराचा वास ज्यावर मुख्यत्वे अवलंबून आहे, ते २-ॲसिटिल-१-पायरोलिन हे द्रव्य दाण्यात अत्यल्प असते. अमेरिकी कृषी खात्यातील रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी सुगंधी तांदळात ते शोधले. पाण्याच्या दहा अब्ज भागांत एक भाग एवढ्या प्रमाणातही ते माणसाला जाणवते.

अशी द्रव्ये शोधण्यासाठी प्रयोगशाळेने नाकालाच पुन्हा कामाला लावले आहे. नळीच्या टोकाला वायूचा प्रवाह दोन भागांत विभागतात. एक भाग यंत्राकडे जातो, दुसरा काचेच्या छोट्या नरसाळ्यातून प्रशिक्षित व्यक्तीच्या नाकाशी येतो. ती व्यक्ती प्रत्येक क्षणी कोणता वास आला आणि किती तीव्र, याची नोंद करते. आलेखावर काहीच नसताना नाकाने दाद दिली, तर तिथे काहीतरी मोलाचे दडले आहे हे शास्त्रज्ञ ओळखतात.

तोडण्यापूर्वीचे फूल

ऊर्ध्वपातनात उष्णता आणि पाणी यांमुळे काही द्रव्ये बदलतात, काही नष्ट होतात. म्हणून तेलाचा वास आणि झाडावरच्या फुलाचा वास कधीच तंतोतंत जुळत नाही. मोगरा-जाईसारखी नाजूक फुले तर वाफेचा ताप सहन करू शकत नाहीत. अशा फुलांभोवतीची हवाच तपासण्याची पद्धत गेल्या काही दशकांत विकसित झाली. स्वित्झर्लंडचे रोमन कायझर यांनी ऑर्किडसारखी फुले न तोडता, त्यांच्यावर काचेचे पात्र ठेवून आतील हवेतील सुगंध शोषून घेतला आणि त्याचे विश्लेषण केले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे यानुश पावलिशिन यांनी १९९०च्या सुमारास याहून सोपा मार्ग काढला. विशिष्ट लेप दिलेला एक बारीक धागा फुलाजवळ धरायचा, त्याने सुगंध टिपला की तो सरळ यंत्राच्या सुईत न्यायचा.

याच पद्धतीने अवकाशातील गुलाबाचाही वास टिपला गेला. भारतीय वंशाचे सुगंध-रसायनतज्ज्ञ ब्रज मुखर्जी यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९९८ मध्ये डिस्कव्हरी यानातून एक लहानसे गुलाबाचे रोप पाठवण्यात आले. गुरुत्वाकर्षण जवळजवळ नसलेल्या त्या वातावरणात फुलाने सोडलेल्या द्रव्यांचे प्रमाण पृथ्वीवरील फुलापेक्षा वेगळे निघाले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूस आंब्यावर झालेल्या अभ्यासांनी फळाचा वास काळानुसार कसा घडतो ते दाखवले. हापूसमध्ये टर्पिनांचा भरणा मोठा असला, तरी फळ पिकू लागते तसतशी लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या वर्गांतील द्रव्ये त्यात उतरतात. पिकलेल्या हापूसचा मधुर, दाट वास घडवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

आलेखावरील कापणीचा दिवस

काळाची हीच खूण मेंथ्याच्या तेलातही सापडते. कोवळ्या पानात मेंथोनचे प्रमाण जास्त असते. पान पक्व होते तसे मेंथोनचे मेंथॉलमध्ये रूपांतर होते. पुढे त्यातील काही भाग मेंथिल ॲसिटेट बनतो. म्हणजे या तीन शिखरांची परस्पर उंची पाहून पीक घाईने कापले, योग्य वेळी कापले की उशीर झाला, याचा अंदाज बांधता येतो. लॅव्हेंडरच्या तेलात ऊर्ध्वपातनाची खूण उमटते. पाला उकळत्या पाण्याच्या संपर्कात फार वेळ राहिला तर लिनालिल ॲसिटेट विघटित होते आणि लिनालूल वाढते.

नेमकी येथेच विश्लेषकाची खरी परीक्षा असते. मेंथॉलचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेले स्वस्त तेल कोणी ताज्या तेलात मिसळले, तर मेंथॉल घटलेले आणि मेंथोन वाढलेले दिसते. पावसाच्या भीतीने आठवडाभर आधी पीक कापणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याच्या तेलाचेही चित्र वरवर तसेच असते. फक्त मेंथॉलचा आकडा पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दोषी वाटतील. संपूर्ण आलेख वाचणारा मात्र मेंथिल ॲसिटेटकडे पाहील. कोवळ्या पिकात ते सामान्यतः कमी असते. उरलेल्या तेलात मेंथॉल वगळता बाकी सारी द्रव्ये दाट झालेली असल्याने तेथे तेही वाढलेले असते.

निसर्गातील वैविध्य हा आणखी एक पेच आहे. एकाच तुळशीच्या एका वाणात युजेनॉलचे, तर दुसऱ्यात मिथाइल युजेनॉलचे प्राबल्य असू शकते. माती, ऋतू, वाण, पाला सुकवण्याची रीत या सर्वांचा तेलावर परिणाम होतो. त्यामुळे मानकांत एकच आकडा दिलेला नसतो, तर किमान व कमाल मर्यादा दिलेल्या असतात. चंदनतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावे, असे म्हटले आहे. मर्यादेत बसणारे प्रत्येक तेल अस्सल असतेच असे नाही आणि मर्यादेबाहेर गेलेले प्रत्येक तेल भेसळीचेच असते असेही नाही.

निर्यातीच्या दृष्टीने हा तपशील आता टाळता येत नाही. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांतील ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्ये वेष्टनावर छापणे बंधनकारक केले आहे. लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, युजेनॉल यांचा त्यांत समावेश होतो. सुरुवातीला २६ द्रव्यांची असलेली ही यादी २०२३ मध्ये बरीच वाढवण्यात आली. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात असे द्रव्य ०.००१ टक्क्याहून अधिक असेल तर त्याचे नाव द्यावे लागते. इतक्या सूक्ष्म प्रमाणाची खात्री चांगली प्रयोगशाळाच देऊ शकते.

कागद कोणाच्या हाती

देशात या कामाची परंपरा जुनी आहे. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेची मुळे १९५९ सालातील आहेत. या संस्थेने विकसित केलेल्या कोसीसारख्या मेंथ्याच्या वाणांनी उत्तर भारतातील शेतीचे चित्र बदलले. तांब्याच्या देगीतून अत्तर काढणाऱ्या कनौजमध्ये १९९१ मध्ये सुगंध आणि स्वाद विकास केंद्र उभे राहिले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या अरोमा मिशनमुळे लॅव्हेंडर, गवती चहा, वाळा यांची लागवड नव्या भागांत पोहोचली. नवे पीक पोहोचते तेथे त्याच्या तेलाची पारख करणारी सोयही पोहोचावी लागते.

आलेखाचा कागद बहुतेक वेळा तेल विकत घेणाऱ्याच्या टेबलावर राहतो. शेतकऱ्याला त्यातील एकच आकडा कळतो, तोही भाव पाडून मागण्याचे कारण म्हणून. वास्तविक त्याच कागदावर त्याच्या उपयोगाच्या कितीतरी गोष्टी लिहिलेल्या असतात. कापणी चार दिवस लांबवली असती तर मेंथॉल वाढले असते, वाण बदलण्याची वेळ आली आहे, टाकीत पाणी आणि पाला यांच्यात जाळी बसवली पाहिजे, असे सल्ले त्या शिखरांतून जाणकाराला देता येतात. तेल बंद डब्यात, सावलीत टिकते, त्यामुळे विकण्यापूर्वी तपासणी करून घेण्याइतका अवधी उत्पादकाकडे असतो. सहकारी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी एकत्रित नमुने पाठवू लागली, तर तपासणीचा खर्चही वाटला जातो.

सुगंधाची पारख शतकानुशतके नाकावर चालत आली आणि अत्तरियांचे कसलेले नाक आजही मोलाचे आहे. नाकाने दिलेला निवाडा मात्र ज्याचे नाक त्याच्यापाशीच राहतो. आलेख दोघांना एकाच वेळी दाखवता येतो. बाराबंकीच्या बाजारात तेलाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशात स्वतःच्या तेलाचा तपासणी अहवाल असेल, तर भावाची बोलणी वेगळ्या पायरीवरून सुरू होतील.